सेल्फ मारण्याआधी



डोंबिवलीहून मानपाडा रोडने कल्याण-शीळ रस्त्याला लागलं, की 'प्रीमियर ग्राउंड' हे नाव आजही कानावर पडतं. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना या भागात होता. १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ इथे तयार व्हायची. प्रीमियरचीच पद्मिनी मात्र कुर्ल्याची. तिची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, पण घरची पद्मिनी जपणारी माणसं अजून आहेत. त्यांची एक तक्रार ठरलेली: सकाळी गाडी लवकर चालू होत नाही.

दोष थंडीला दिला जातो. आपल्याकडे जानेवारीतही थंडी ती किती! तरीही इंजिन गार असणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. पेट्रोल जळतं ते वाफ होऊन. तापलेल्या इंजिनाला वजनाने १ भाग पेट्रोल आणि जवळजवळ १५ भाग हवा पुरते. गार इंजिनात कार्बोरेटरने सोडलेलं बरंचसं पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतीला ओलं चिकटून राहतं आणि सिलिंडरपर्यंत थोडीच वाफ पोचते. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावं लागतं, आणि ते काम चोकचं.

इथेच बहुतेकांचं चुकतं. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी एक झडप असते. पद्मिनीवर सर्रास दिसणाऱ्या सोलेक्समध्ये तशी झडप नाही. तिथे चोकची कळ ओढली की गार इंजिनासाठीची एक वेगळी छोटी वाट उघडते. त्या वाटेने पेट्रोल खेचलं जातं ते थ्रॉटलच्या खाली तयार होणाऱ्या ओढीमुळे. आपण घाईने एक्सलरेटर दाबला की थ्रॉटल उघडतो, ओढ कमी होते आणि ती वाट निकामी ठरते. वर एक्सलरेटरचा पंप कच्चं पेट्रोल आत मारतो, प्लग भिजतात आणि गाडी 'ओव्हर' होते. म्हणून सोलेक्स असेल तर चोक पूर्ण ओढा, पाय पेडलवरून बाजूला घ्या आणि मग सेल्फ मारा. ओव्हर झालीच, तर चोक आत करा, पेडल तळापर्यंत दाबून धरा आणि मगच सेल्फ मारा. पेडल सारखं वरखाली करू नका.

गाडी आठ-दहा दिवस उभी असेल तर कारण वेगळं. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं. टाकीतून पेट्रोल आणणारा पंप इंजिनावरच चालणारा, म्हणजे ते चेंबर भरेपर्यंत सेल्फ नुसता फिरत राहतो आणि बॅटरी उतरते. पंपाला हाताने चालवायची दांडी असेल तर आधी तिने पेट्रोल वर आणावं. नसेल तर थोडा थोडा सेल्फ मारून मध्ये बॅटरीला दम घेऊ द्यावा. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब घसरतो, त्याच वेळी कॉइललाही कमी वीज मिळते आणि ठिणगी फिकी पडते. टर्मिनलवर साचलेली पांढरी बुरशी आणि सैल अर्थिंग ही दोन कारणं मी कार्बोरेटर उघडण्याआधी तपासायला सांगेन.

माझ्या मते मानपाड्यात जानेवारीपेक्षा जुलै अधिक त्रास देतो. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये दमट हवेचं पाणी जमतं आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच निसटते. कॅप काढून कोरड्या फडक्याने आतून पुसा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काळे पडले असतील तर साफ करून फट बघा. कार्बोरेटरला हात लावायची गरज पुष्कळदा राहतच नाही.

आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला वाफ व्हायला जास्त उष्णता लागते आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. मिश्रणही थोडं पातळ होतं, म्हणून जेट नीट जुळवून घ्यावे लागतात. पण त्याहून तातडीचं काम रबराच्या नळ्यांचं आहे. जुन्या गाडीतल्या नळ्या या इंधनासाठी बनलेल्या नाहीत. त्या फुगतात, नंतर चिरतात. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवून घ्या. आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा उग्र वास आला, तर गळती सापडेपर्यंत चावी फिरवू नका.