टीव्हीच्या कडेला गेलेले दोन अंक : कॉम्प्युटर टीव्हीला जोडताना चित्र का कापलं जातं?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय अगदी घरगुती आहे. लॅपटॉप टीव्हीला जोडला, चित्र आलं, पण कडा गायब. खालची पट्टी अर्धीच दिसते, वरचा बंद करायचा क्रॉस सापडत नाही, माणसं रुंद दिसतात. हा अनुभव बहुतेकांना आलेला असेल. पण या एवढ्याशा गोष्टीपायी भर सभेत एका भल्या माणसावर संशय घेतला गेला, ते मी डोळ्यांनी बघितलं. आधी तेच सांगतो.

आगरदांड्याला, राजपुरीच्या खाडीच्या काठावर. मुरूडकडून दिघीला जायचं असलं की आपण जिथे गाडी जंगलजेटीत चढवतो, तेच हे गाव. तिथे मच्छीमारांच्या एका संस्थेची वार्षिक सभा होती. नाव सांगत नाही, गरजही नाही. दरवर्षी हिशोब वाचून दाखवतात, मागे बसलेल्यांना ऐकू येत नाही, मग कुरबुर होते. या वेळी सेक्रेटरींनी ठरवलं की सगळं टीव्हीवर दाखवायचं. एका सभासदाच्या घरचा टीव्ही आणला, स्वतःचा लॅपटॉप जोडला. डिझेल परताव्याचे कुणाचे किती आले, कुणाचे किती बाकी, याचा मोठा तक्ता स्लाईडवर. उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात बाकी रक्कम आणि खाली एकूण.

स्लाईड लागली आणि दोन मिनिटांत आवाज चढले. एक काका उभे राहिले, "काय रे भाऊ, माझे चौदाशे सव्वीसच बाकी?" त्यांचे होते १४२६५०. टीव्हीवर दिसत होते १४२६. शेवटचे दोन अंक काचेच्या बाहेर. आणि खालची एकूणची ओळ तर दिसतच नव्हती. सेक्रेटरी लॅपटॉपकडे बघून सांगतायत, "अहो काका, बरोबर आहे की आकडा!" कारण लॅपटॉपवर सगळं पूर्ण दिसत होतं. लोक टीव्हीकडे बघतायत. दोघंही खरं बोलत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "एकूणची ओळ लपवली का?" झालं. तोवर ज्या माणसाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, त्याचा चेहरा पडला.

मी तिथे पाहुणा म्हणून होतो. उठलो आणि म्हटलं, थांबा, हिशोब बरोबर आहे, टीव्ही कडा कापतोय. आता असं का होतं ते बघू.

टीव्ही कडा का कापतो?

याचं उत्तर जुन्या, पाठीमागे ढेरी असलेल्या टीव्हीत आहे. त्या टीव्हीत चित्र काढायचे ते इलेक्ट्रॉनचे किरण. ओळीमागून ओळ. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत एकूण ६२५ ओळी, त्यातल्या ५७६ प्रत्यक्ष चित्राच्या. पण हे चित्र कधीच अगदी मापात बसायचं नाही. व्होल्टेज उतरलं की चित्र आक्रसायचं, बाजूला काळ्या पट्ट्या यायच्या. कोकणात संध्याकाळी दिवे मंद झाले की टीव्हीचं चित्र बारीक झालेलं ज्यांनी बघितलंय, त्यांना हे लगेच पटेल. टीव्ही जुना झाला तरी चित्राचं माप बदलायचं.

म्हणून कंपन्यांनी उपाय काढला. चित्र मुळातच काचेपेक्षा थोडं मोठं करायचं. कडा काचेबाहेर गेल्या तरी चालतील, पण मधे काळी पट्टी नको. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात. कार्यक्रम करणाऱ्यांनाही हे माहीत असायचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्या काळापासून जगभर हाच रिवाज : अक्षरं, नावं, महत्त्वाचं काहीही कडेला ठेवायचं नाही. आत घ्यायचं. वहीत समास सोडतो तसं.

आता सपाट टीव्ही आले. त्यांत ठिपके मोजून बसवलेले असतात. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०. व्होल्टेज कमी झालं म्हणून ठिपके हलत नाहीत. म्हणजे ओव्हरस्कॅनची गरज संपली. पण सवय राहिली. एचडीएमआयवरून चित्र आलं की बरेच टीव्ही समजतात की हा नेहमीचा कार्यक्रम आहे, आणि थोडं ताणून कडा कापतात.

किती कापतात? समजा प्रत्येक बाजूने अडीच टक्के. ऐकायला काहीच नाही. पण १०८० च्या अडीच टक्के म्हणजे २७ ठिपके खालून गेले, २७ वरून. १९२० च्या अडीच टक्के म्हणजे ४८ ठिपके डावीकडून, ४८ उजवीकडून. विंडोज १० ची खालची पट्टी साधारण ४० ठिपक्यांची असते. तिचा अर्ध्याहून जास्त भाग गेला. आणि उजवीकडचे ४८ ठिपके म्हणजे मोठ्या अक्षरातले दोन अंक. काकांचे दोन अंक तिथे गेले. सिनेमा बघताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. हिशोबात येतं.

इलाज : आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. इलाज टीव्हीत करायचा. बरेच जण आधी लॅपटॉपची रिझोल्यूशन कमी-जास्त करत बसतात. त्याने अक्षरं धुरकट होतात आणि कडा तशाच राहतात.

रिमोट घ्या. चित्राच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट असं काहीतरी असतं. त्यात कंपनीगणिक नाव वेगळं. एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन'. सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा नव्या टीव्हीत 'फिट टू स्क्रीन'. सोनीमध्ये डिस्प्ले एरियात 'फुल पिक्सेल'. इतरांत 'डॉट बाय डॉट', 'वन टू वन' किंवा सरळ 'ओव्हरस्कॅन ऑफ'. नावं वेगळी, अर्थ एकच : आलेला ठिपका आहे तसा दाखव, ताणू नकोस. हा पर्याय फिकट दिसला, निवडता येत नसला, तर आधी झूम किंवा ४:३ काढून १६:९ करा, बहुतेकदा मग उघडतो.

आणखी एक. काही टीव्हीत त्या एचडीएमआयच्या इनपुटला 'पीसी' असं नाव किंवा चिन्ह देता येतं. ते दिलं की टीव्हीला कळतं की हा कॉम्प्युटर आहे. मग कडाही कापत नाही आणि बारीक अक्षरंही स्वच्छ दिसतात. हे सेटिंग बऱ्याचदा त्या एका इनपुटपुरतंच असतं. वायर दुसऱ्या भोकात घातली की परत करावं लागतं.

टीव्हीत काहीच सापडलं नाही, तरच कॉम्प्युटरकडे वळा. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये, इंटेल असो, एनव्हिडिया असो वा एएमडी, डेस्कटॉपचं माप लहान करायची सोय असते. पण हा दुय्यम इलाज. कॉम्प्युटर चित्र आधी आक्रसणार, टीव्ही परत ताणणार, दोनदा बदललेलं चित्र थोडं मऊ दिसणारच. उलट तक्रारही येते : चारी बाजूंनी काळी चौकट आणि मधे लहान चित्र. एएमडीच्या कार्डात हे जास्त आढळतं. तिथे 'एचडीएमआय स्केलिंग'ची सरकपट्टी शून्यावर आणायची, चित्र बसतं.

कडा ठीक, तरी चित्र बरं नाही?

तर मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी दाबा. 'डुप्लिकेट' असेल तर दोन्ही पडद्यांना एकच माप वापरावं लागतं. लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा असेल तर फुल एचडी टीव्हीलाही तेवढंच मिळतं. 'सेकंड स्क्रीन ओन्ली' किंवा 'एक्स्टेंड' करा आणि टीव्हीला त्याचं स्वतःचं माप द्या.

माणसं जाडी दिसत असतील तर ४:३ चं चित्र १६:९ वर ताणलंय. जुन्या व्हीजीए वायरने जोडलं असेल आणि चित्र एका बाजूला सरकलं असेल, तर टीव्हीच्या मेनूत 'ऑटो अ‍ॅडजस्ट' शोधा. अक्षरं लांबून वाचता येत नसतील तर रिझोल्यूशन उतरवू नका. डिस्प्लेमध्ये स्केल १५० टक्के करा, अक्षरं मोठी होतात आणि स्वच्छही राहतात.

मग सभेचं काय झालं?

रिमोट नव्हता! टीव्ही आणला, रिमोट घरीच. एका पोराला पळवला. तो येईपर्यंत मी सेक्रेटरींना म्हटलं, स्लाईडवरचा तक्ताच चारी बाजूंनी थोडा लहान करा. जुन्या दूरदर्शनवाल्यांचा समास! एका मिनिटात १४२६५० पूर्ण दिसले, खाली एकूणची ओळही आली. काका काही बोलले नाहीत, खाली बसले. पोरगा रिमोट घेऊन आला, आम्ही टीव्हीचं सेटिंग बदललं, आणि मग मुद्दाम आधीची स्लाईड परत लावून दाखवली. तीच स्लाईड, आता पूर्ण. हे दाखवणं गरजेचं होतं. नाहीतर कुणाला वाटलं असतं की आकडा आत्ता घातला.

तरी एक बाई उठून म्हणाल्या, "पुढल्या वर्षी कागद पण लावा भिंतीला." मला ते अगदी पटलं. पैशाचा हिशोब असेल तिथे छापील प्रत हवीच. टीव्ही तिच्या जोडीला.

तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, मंडळात कधी असं काही दाखवायचं असेल, तर एक साधी चाचणी आदल्या दिवशी करा. एक कोरी स्लाईड घ्या, अगदी कडेला लागून लाल चौकट काढा आणि चार कोपऱ्यांत एक, दोन, तीन, चार असे आकडे लिहा. टीव्हीवर लावा. चारही आकडे आणि चारही लाल रेषा दिसल्या तर काम झालं. एखादी रेषा गायब असेल तर रिमोट हातात घ्या. जमलं की त्या सेटिंगचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि दाखवणाऱ्याने लॅपटॉपकडे नाही, लोक जिथे बघतायत तिथे बघून बोलायचं.

आणि हो, टीव्ही कुणाच्या घरून आणलात तर रिमोटही आणा.

आज इथेच थांबतो. हा भाग गावात कुणाला उपयोगी पडेल असं वाटलं तर त्यांना नक्की पाठवा.