मंडळाची दुसरी पेटी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा ‘परप्रांतातील मराठी संस्कृती’ असा एखादा भारदस्त विषय आम्ही निवडू, अशी कार्यकारिणीची अपेक्षा असावी. आम्ही मात्र निवडला तो पोथीएवढ्या आकाराच्या एका विजेच्या पेटीचा. पेटी म्हटले की आपणांस मंडळाची हार्मोनियम आठवते, आणि ते रास्तच आहे. पन्नास वर्षे तिने आपली साथ केली. परंतु मंडळाच्या कपाटात गेल्या दोन वर्षांपासून एक दुसरी पेटीही आहे. तिला बाजारात ‘ऑडिओ इंटरफेस’ म्हणतात. ती स्वतः वाजत नाही. दुसऱ्याचे गाणे नीट ऐकून घेणे एवढेच तिचे काम. हा गुण माणसांतही दुर्मीळ आहे.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. आम्ही संगीतज्ञ नव्हे आणि ध्वनिशास्त्रज्ञ तर मुळीच नव्हे. पदवी कलाशाखेची आणि उभी हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेलेली. पुढे जे सांगणार आहोत ते ठेचा खाऊन शिकलेले आहे, आणि त्यातली एक ठेच महागात पडली.

आपण ज्या नगरात राहतो त्या लखनौत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली मॅरिस कॉलेज स्थापन झाले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. गावोगाव हिंडून, उस्तादांची मनधरणी करून त्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग मुळात आपल्या मराठीत लिहिले. त्या स्वरलिपीमुळे बंदिश टिकली. परंतु ती सांगणाऱ्या उस्तादाचा आवाज कसा होता, तो षड्जावर कसा विसावत असे, हे कागदावर उतरू शकले नाही. ते काम यंत्राचे. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गायस्बर्ग यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा त्यांना एका कर्ण्यात तोंड घालून सुमारे तीन मिनिटांत राग आटोपावा लागला. त्या काळी त्यासाठी विलायतेहून माणसे आणि यंत्रे आणावी लागली. आज तेच काम घरच्या खोलीत, चौकोनी कुटुंबाच्या आवाक्यातल्या खर्चात होते. प्रश्न इतकाच उरतो, की यंत्र निवडायचे कसे?

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो आपल्या काकूंमुळे. त्यांचे नाव घेण्याची गरज नाही. सारे मंडळ त्यांना काकूच म्हणते आणि आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. १९६२ साली राजापूरकडून लग्न होऊन त्या येथे आल्या. येताना ट्रंकेतून काय आणले ते ठाऊक नाही, परंतु कंठातून मंगळागौरीची, भोंडल्याची गाणी, पाळणे, भूपाळ्या आणि आजेसासूंच्या जात्यावरच्या ओव्या घेऊन आल्या. एका वहीत त्यांनी त्यांची यादी केली होती. ती त्रेचाळीस भरली. शब्द वहीत होते, चाली मात्र केवळ त्यांच्या गळ्यात. गणेशोत्सवात कोणीतरी मोबाइलवर त्यांची ओवी मुद्रित केली. ऐकून पाहतो तो पंख्याची घरघर पुढे आणि काकू मागे! त्या दिवशी कार्यकारिणीने ठराव केला, की त्रेचाळीसही गाणी नीट मुद्रित करावीत आणि त्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत खर्च करावा. खरेदीचे काम, सरकारी माणूस म्हणून, आमच्याकडे आले.

आम्ही ते सरकारी रीतीनेच केले. तीन दरपत्रके मागवली आणि सर्वांत कमी दराची स्वीकारली. पेटीवर ‘व्यावसायिक दर्जा’ असे छापले होते. याहून अधिक काय हवे? मंडळाचा व्यासपीठावरचा माइक तिला जोडला आणि दोन संध्याकाळी काकूंना बसवले. तानपुरा मोबाइलवरचा; तो माइकमध्ये शिरू नये म्हणून तो व स्वतःचा आवाज त्यांनी हेडफोनमधून ऐकायचा, अशी योजना. पहिली ओळ म्हणून काकू थांबल्या.

“अरे, माझ्या मागून हे कोण म्हणतंय? मला वेडावतंय की काय?”

कोणी वेडावत नव्हते. काकूंचा आवाज पेटीतून संगणकात जाऊन परत हेडफोनमध्ये येईपर्यंत उशीर होत होता. संगणक आवाजाचे तुकडे थोडे थोडे साठवून मग पुढे पाठवतो. हा साठा मोठा ठेवला तर उशीर होतो. लहान ठेवला तर संगणकाची धांदल उडते आणि तुकडे गळतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि साठा १,०२४ नमुन्यांचा ठेवला, तर जाताना सुमारे २१ आणि येताना २१ मिलिसेकंद लागतात. म्हणजे चौदा-पंधरा मीटरवर उभे राहून कोणी आपलाच आवाज आपणांस ऐकवावा तसे. यावर त्या लयीच्या माणसाने गावे कसे? आम्ही तत्परतेने साठा कमी केला. उशीर गेला, काकू खुशीने गायल्या आणि अकरा गाणी झाली. घरी जाऊन ऐकली तेव्हा प्रत्येक गाण्यात, मध्येच भात करपावा तशी, चरचर आणि टिकटिक. तुकडे गळले होते. हेडफोन काकूंच्या कानावर होता. आम्ही समोर बसून माना डोलावत होतो.

दोष यंत्रापेक्षा आमच्या निकषांचा होता. निविदेत आधी तांत्रिक पात्रता पाहायची आणि मग दर उघडायचे, हा नियम आम्ही कचेरीत कितीतरी वेळा इतरांना शिकवला होता. तेव्हा पुन्हा आरंभ केला, आणि या खेपेस तांत्रिक पात्रता प्रथम ठरवली. ती आपल्यापुढे ठेवतो.

पहिला निकष उशिराचा. पेटीत ‘डायरेक्ट मॉनिटर’ची सोय हवी. तीमुळे गाणाऱ्याचा आवाज संगणकाची वारी न करता थेट हेडफोनमध्ये येतो. मग साठा कितीही मोठा ठेवा. गाणारा सुखी आणि संगणकही सुखी. पहिल्या पेटीत ही सोयच नव्हती.

दुसरा निकष वर्धनाचा, म्हणजे माइकमधून येणारा अतिशय क्षीण संकेत किती वाढवता येतो याचा. व्यासपीठावरचे माइक बहुधा ‘डायनॅमिक’ जातीचे असतात. ते दणकट खरे, पण त्यांचा संकेत लहान. काकूंसारखा मृदू आवाज त्यातून घ्यायचा तर साठ डेसिबलच्या आसपास वर्धन हाती असावे. तेवढे नसले की नॉब शेवटच्या टोकापर्यंत फिरवावा लागतो आणि स्वस्त पेटीत तेथेच सुसाट वाऱ्यासारखा ‘सूंऽऽ’ असा आवाज उठतो. परीक्षा सोपी आहे: माइक न जोडता नॉब पूर्ण फिरवावा, हेडफोन लावावा आणि शांत बसून ऐकावे. दुकानदार घाई करील, करू द्यावी.

तिसरा निकष ४८ व्होल्टांचा. ‘कंडेन्सर’ जातीचा माइक बारकावे अधिक टिपतो, पण त्याला पेटीकडून त्याच केबलमधून वीज मिळावी लागते. तिला ‘फँटम पॉवर’ म्हणतात. हे नाव भुताखेताचे असले तरी काम सज्जनाचे आहे. पेटीवर ४८ व्होल्ट स्पष्ट लिहिलेले नसेल तर पुढे जाऊ नये.

चौथा निकष ड्रायव्हरचा. संगणक आणि पेटी यांच्यामधला हा दुभाषी. तो पेटीच्या निर्मात्याने स्वतः तयार केलेला आणि वेळोवेळी अद्ययावत होणारा असावा. दुभाषी उसना असेल तर संवादात चरचर होतेच.

राहता राहिले जाहिरातीतले मोठमोठे आकडे. माणसाच्या कानाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, आणि आवाज पुरता पकडण्यासाठी त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने पुरतात. कॉम्पॅक्ट डिस्कचे ४४,१०० नमुने याच हिशोबाने ठरले. म्हणून १९२ किलोहर्ट्झच्या आकड्याने भुलू नये. घरच्या कामास ४८ पुष्कळ झाले. २४ बिट मात्र जरूर घ्यावेत. एका बिटला सुमारे सहा डेसिबल, या हिशोबाने १६ बिटांत ९६ डेसिबलांचा पल्ला मिळतो, तर २४ बिटांत याहून पुष्कळ अधिक. याचा व्यावहारिक लाभ असा, की आवाजाची पातळी बेताची ठेवता येते. सर्वोच्च शिखर शून्याखाली बारा डेसिबलांच्या आसपास राहिले तरी काही बिघडत नाही, आणि गाणारा भरात येऊन आवाज चढवतो तेव्हा तो फाटत नाही. अशा मुद्रणाचे दोन वाहिन्यांचे एक तास साधारण एक गिगाबाइट जागा घेते.

या निकषांवर दुसऱ्यांदा निवड केली ती फोकसराईट कंपनीच्या ‘स्कार्लेट २आय२’ या पेटीची. ही मालिका २०११ साली निघाली आणि तिची चौथी आवृत्ती २०२३ साली आली. तीत दोन माइक जोडता येतात, वर्धन ६९ डेसिबलपर्यंत मिळते, थेट ऐकण्याची सोय आहे आणि नॉबभोवतीचे कडे हिरव्याचे पिवळे व लाल होऊन आवाज फाटण्याआधी सूचना देते. हीच घ्या असा आमचा आग्रह नाही. वरील कसोट्यांस उतरणाऱ्या इतर कंपन्यांच्या पेट्याही आहेत. गाणारा एकटाच असेल तर एका माइकची लहान पेटीही पुरेल. सांगायचे ते हे, की चांगल्या निर्मात्यांच्या या वर्गातील पेट्यांमध्ये आवाजाच्या शुद्धतेचा फरक आता फार थोडा उरला आहे. त्याहून कितीतरी मोठा फरक खोलीमुळे पडतो.

म्हणून उरलेले पैसे खोलीवर खर्च करावेत, असे म्हणणार होतो. पण खर्चही लागत नाही. भिंतीवर गोधड्या टांगाव्यात, कपड्यांनी भरलेले कपाट गाणाऱ्याच्या मागे उघडे ठेवावे आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका लावावा. फ्रिज तेवढ्यापुरता बंद करावा व नंतर तो सुरू करण्याची आठवण घरातल्या जबाबदार व्यक्तीवर सोपवावी. विजेची ‘घूंऽ’ ऐकू येत असेल तर लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढून बॅटरीवर काम करून पाहावे. बहुधा ती थांबते. आणि आपल्या या प्रांतात मुद्रणाचा खरा हंगाम पौष-माघाचा. कूलर आणि पंखे बंद असतात आणि दुपारी गल्लीदेखील रजईत असते.

त्या हिवाळ्यात आम्ही काकूंची उरलेली बत्तीस गाणी प्रथम मुद्रित केली. मग बिघडलेल्या अकरांकडे वळलो. चार झाली. फाल्गुनात काकूंना दम लागू लागला, आणि डॉक्टरांनी गाणे बंद करावयास सांगितले. तेव्हा हिशोब असा आहे: छत्तीस गाणी स्वच्छ आणि सात गाण्यांत चरचर. ती सात गाणी पुन्हा मुद्रित होणार नाहीत. पहिल्या खरेदीत आम्ही मंडळाचे काही हजार रुपये वाचवले होते. कचेरीच्या हिशोबात ती बचत ठरली असती. येथे ती कोणत्या रकान्यात लिहावी हे आम्हांस अद्याप ठरवता आलेले नाही.

छत्तीस गाणी काकूंना ऐकवली तेव्हा त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “बाई बरी म्हणते की रे! श्वास तेवढा भलत्या जागी घेते.” आम्ही सात गाण्यांविषयी क्षमा मागितली. त्यावर म्हणाल्या, “ती सात मी माझ्या नातीला शिकवते. मला म्हणायचं नाही, पण तिचं चुकलं तर सांगता येईल ना?” सध्या तेच चालू आहे. त्यांपैकी दोन नातीच्या आवाजात मुद्रितही झाली आहेत.

सभासदहो, ही दुसरी पेटी, माइक, केबल आणि हेडफोन मंडळाच्या कपाटात आहेत. नोंदवहीत सही करून कोणीही आठ दिवसांसाठी न्यावीत, भाडे नाही. ज्यांच्या घरी आई, आजी, आजोबा आहेत त्यांनी आधी यावे. गाणेच हवे असे नाही; आरती, गावाकडची गोष्ट, पाककृती, काहीही चालेल. केवळ तीन गोष्टी पाळा. पहिले मिनिट मुद्रित झाले की थांबून स्वतःच्या कानांनी ऐका. मुद्रण झाल्यावर दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या गावी, भावाबहिणीकडे ठेवा. आणि उन्हाळा सरू दे, दिवाळी होऊ दे, असे म्हणत थांबू नका.

नोंदवहीचे पहिले पान आम्ही आजच उघडून ठेवले आहे. ते व्यासपीठाच्या डाव्या बाजूस, हार्मोनियमच्या शेजारी आहे.