पहिल्या ताऱ्यांचा माग

पेडण्याच्या तांबड्या मातीतले आणि डिचोलीच्या खाणींतून निघालेल्या खनिजातले लोह पृथ्वीवर तयार झालेले नाही. ते ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत घडले. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्वाचा आरंभ झाला तेव्हा वस्तुमानाच्या हिशेबाने तीन चतुर्थांश हायड्रोजन, उरलेला बहुतेक हेलियम आणि नावापुरते लिथियम, एवढाच ऐवज होता. कोरगावच्या शेतकऱ्याच्या कोयत्यातील लोह आले कोठून, याचा माग काढीत गेले की वाट पहिल्या ताऱ्यांपाशी पोचते.

आरंभानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व पुरेसे निवले आणि हायड्रोजनचे अणू स्थिरावले. पुढे कित्येक कोटी वर्षे एकही तारा नव्हता. या तमोयुगात, जिथे अदृश्य कृष्णद्रव्य किंचित दाट होते तिथे वायू ओढला गेला. परंतु आक्रसणारा वायू तापतो आणि तापलेला वायू आक्रसण्यास विरोध करतो. उष्णता बाहेर टाकल्यावाचून तारा जन्मत नाही. आजच्या मेघांत कार्बन, ऑक्सिजन आणि धूलिकण हे काम चोख करतात व वायू शून्याखाली २६० अंश सेल्सियसपर्यंत निवतो. तेव्हा भिस्त होती ती हायड्रोजनच्या रेणूवर, आणि तो या कामात कच्चा. त्याने वायू शून्याखाली सत्तरेक अंशांपर्यंतच निववला. उबदार वायूचा मेघ कोसळण्यास अधिक वस्तुमान लागते. म्हणून पहिले तारे सूर्याच्या दसपट ते शेकडोपट असावेत, असा गणिताचा कौल आहे. त्यांतील सर्वांत मोठे वीस-तीस लाख वर्षांतच संपले असावेत. त्यांपैकी अनेकांच्या स्फोटांतून पहिला कार्बन, पहिला ऑक्सिजन, पहिले लोह अवकाशात विखुरले.

हे झाले गणित. या पिढीचा एकही तारा अद्याप निर्विवादपणे दिसलेला नाही. मग पुरावा कोणता? हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी शोषतो व सोडतो. पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने या शोषणात फरक पडला, आणि विश्वाच्या प्रसरणाने त्या लहरी ताणल्या जाऊन आज काही मीटर लांबीच्या झाल्या आहेत. म्हणजे त्यांचा मुक्काम एफएम रेडिओच्या पट्ट्यात किंवा त्याच्या शेजारी! तिथे केंद्रांचा गोंगाट आहेच, शिवाय खुद्द आपल्या आकाशगंगेची खरखर या संकेताच्या हजारो पट मोठी आहे.

नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय दुर्बिणीवर, म्हणजे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांवर, ताऱ्यांच्या प्रकाशाने हायड्रोजन फुटू लागला त्या पुढच्या कालखंडाचा वेध घेतला गेला. २०११ साली संशोधकांनी संकेत याहून मोठा असू शकत नाही, अशी मर्यादा घातली. पण गोंगाट गाळताना खरा संकेतही काही अंशी गळत होता, हे ध्यानी येताच २०१३ मध्ये त्यांनी ती स्वतःहून कितीतरी सैल केली.

२०१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका छोट्या अँटेनाने ७८ मेगाहर्ट्झला पहिल्या ताऱ्यांची खूण सापडल्याचे जाहीर केले. खूण अपेक्षेच्या दुपटीहून खोल होती. ती खरी असती तर कृष्णद्रव्याविषयीच्या कल्पना बदलाव्या लागल्या असत्या. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने ‘सारस’ नावाचे उपकरण २०२० मध्ये कर्नाटकातील तलावावर व शरावतीच्या फुगवट्यावर तराफ्याने तरंगत ठेवले. जमिनीखालचे थर एकजिनसी नसल्याने मापनात खोट येते. खोल पाणी मात्र सारखे असते. युक्ती साधी, पण नामी. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ती खूण ९५.३ टक्के विश्वासाने अमान्य.

आता संस्थेने चंद्राभोवती फिरणारे उपकरण योजले आहे. चंद्राच्या पलीकडे पृथ्वीवरील एफएम केंद्रांचा आवाज पोचत नाही. त्या उपकरणाचे नाव ‘प्रत्यूष’.