तिसऱ्या आठवड्यातला ताप

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री अकराला एका तालुक्याच्या गावाहून फोन आला. "डॉक्टर, अण्णांना दोन दिवस ताप आहे. घास गिळताना छातीत दुखतं. इथले डॉक्टर उद्या दुर्बिणीने अन्ननलिका तपासू म्हणतात."

अण्णा निवृत्त शिक्षक. तीन आठवड्यांपूर्वी मीच त्यांच्या हृदयावर ॲब्लेशन केलं होतं. मी म्हटलं, "दुर्बीण नको. तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. आत्ताच इकडे घेऊन या."

ॲब्लेशन म्हणजे काय, ते आधी सांगतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विजेचे संदेश भरकटले की ठोके वेडेवाकडे पडतात. हा आजार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांत बहुधा त्याची ठिणगी पडते, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल आयसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन त्या शिरांच्या तोंडाभोवतीचा भाग उष्णतेने किंवा अतिथंडाव्याने निकामी करतात.

पण डाव्या कप्प्याच्या मागे, अवघ्या काही मिलिमीटरवर अन्ननलिका असते. क्वचित तिला इजा होते, जखम चिघळते आणि काही आठवड्यांनी दोघींमध्ये छिद्र पडतं. नळीच्या ॲब्लेशननंतरच्या अशा रुग्णांची पहिली नोंद २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. हजारात एकालाही हे होत नाही. पण झालं आणि शस्त्रक्रिया झाली नाही, तर रुग्ण सहसा वाचत नाही. छिद्रातून जंतू आणि हवा रक्तात शिरतात, मेंदूपर्यंत जातात. दुर्बिणीच्या तपासणीत हवा भरतात, म्हणून ती धोक्याची. तपासणी करायची ती छातीच्या सीटी स्कॅनची.

अण्णा पहाटे पोचले. स्कॅनमध्ये हृदयालगत हवेचा छोटा बुडबुडा दिसला. सकाळीच सर्जनांनी छाती उघडून छिद्र बंद केलं. महिन्याभराने अण्णा घरी गेले.

त्यांच्या मुलाला फोन करायचं सुचलं, म्हणून ते वाचले. घरी पाठवताना काय जपायचं, हे मी लिहून दिलं नव्हतं. ती चूक माझीच. आता प्रत्येकाला चिठ्ठी देतो: दोन महिन्यांत ताप, छातीत दुखणं, गिळताना त्रास, रक्ताची उलटी, बोलणं अडखळणं किंवा हातापायातली शक्ती जाणं, यांतलं काहीही झालं तर आधी ॲब्लेशन करणाऱ्या डॉक्टरांना कळवा, आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी 'माझं ॲब्लेशन झालंय' हे पहिलं वाक्य असू द्या.

विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी काम करणाऱ्या नव्या पद्धतीत अन्ननलिकेचा धोका बराच कमी दिसतो. तरीही चिठ्ठी मी देतोच.