ओझ्याचा हिशेब



डोंगर म्हटला की आम्हा कवींना शिखर दिसतं, ढग दिसतात. गिर्यारोहकाला आधी पीठ-मीठ दिसतं. दूरच्या, फारसं कुणी न गेलेल्या शिखराची मोहीम आखायची म्हणजे पहिला प्रश्न शिध्याचा. तो किती लागणार आणि वाहणार कोण? या हिशेबाबद्दल आज थोडं बोलतो.

एक साधं गणित मांडून पाहू. समजा, एक हमाल पाठीवर २५ किलो ओझं नेतो आणि रोज एक किलो शिधा खातो. वाटेत गाव नाही, दुकान नाही. तळाच्या छावणीपर्यंत जायला दहा दिवस आणि रिकाम्या पाठीनं परतायला पाच दिवस लागतात. म्हणजे पंधरा किलो त्याचं स्वतःचंच झालं. छावणीत पोचले दहा किलो. तिथं शंभर किलो सामान हवं असेल तर दहा माणसं लागतील. आता तीच वाट पंधरा दिवसांची धरा. परतीला आठ दिवस. पोटाला लागले तेवीस किलो, पोचले फक्त दोन! त्याच शंभर किलोंसाठी आता पन्नास माणसं लागतील. अंतर दीडपट झालं आणि माणसं पाचपट. दुर्गम शिखर दुर्गम राहतं, त्याचं एक कारण हेही आहे.

हे कोडं एका जोडीनं फार वेगळ्या रीतीनं सोडवलं. उत्तराखंडातलं नंदादेवी हे ७८१६ मीटर उंचीचं शिखर. त्याच्याभोवती उंच पर्वतांचा कोट आहे. या कोटाला जणू एकच दरवाजा, तो म्हणजे ऋषिगंगेची घळ, आणि तीही उभ्या कड्यांची. अनेकांनी आत शिरायचा प्रयत्न केला होता. १९३४ साली एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोघे इंग्रज आंगथार्के, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांना घेऊन त्या घळीतून आत पोचले. त्यांची युक्ती सोपी होती. माणसं कमी, म्हणजे शिधा कमी, म्हणजे ओझं कमी. डब्यातल्या विलायती पदार्थांचा बडेजाव त्यांनी टाळला आणि शेर्पांचं साधं अन्न खाल्लं. घळीच्या अवघड टप्प्यात साहेबांनीही पाठीला ओझं लावून खेपा घातल्या. त्या वर्षी ते शिखरावर गेले नाहीत. वाट शोधून, आतला प्रदेश पाहून परतले.

दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, ब्रिटिश आणि अमेरिकन गिर्यारोहकांची एक तुकडी त्याच वाटेनं गेली. शेवटच्या चढाईसाठी नोएल ओडेल आणि चार्ल्स ह्यूस्टन ही जोडी ठरली होती. वरच्या छावणीत डब्यातलं बिघडलेलं मांस खाऊन ह्यूस्टन आजारी पडले. इतक्या महिन्यांची आखणी एका डब्यापाशी अडली असती. पण टिलमन त्यांच्या जागी जायला तयार होते. २९ ऑगस्ट १९३६ रोजी ओडेल आणि टिलमन शिखरावर उभे राहिले. तोवर माणसानं गाठलेलं ते सर्वांत उंच शिखर होतं आणि हा मान १९५० पर्यंत टिकला. चांगल्या आखणीत एकाच्या जागी दुसरा उभा राहील एवढी सोय ठेवलेली असते, ती अशी.

पण याच मोहिमेत आणखी एक गोष्ट घडली. कितार नावाचा अनुभवी शेर्पा तळाच्या छावणीत आजारपणात वारला. कितीतरी मोहिमांची ओझी त्यानं वाहिली होती. शिखराच्या इतिहासात दोन नावं ठळक अक्षरांत येतात, कितारचं शोधावं लागतं. वरच्या माणसाच्या जागी दुसरा माणूस मिळाला. खालच्या माणसाच्या दुखण्यावर मात कुणाकडे इलाज नव्हता.

नंदादेवीची कहाणी पुढंही बोलकी आहे. वाट कळल्यावर मोहिमा वाढल्या. मोहिमा वाढल्या तशी जळणासाठी झाडं तुटली, कचरा साठला. १९८२ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि गिर्यारोहकांना तो दरवाजा बंद झाला. डोंगरानं सोसायचं ओझं त्या हिशेबात कुणी धरलंच नव्हतं.

श्रोतेहो, कवितेत एखादा शब्द जादा झाला तर फार तर वाचक कंटाळतो. डोंगरात एक डबा जादा झाला तर तो कुणाच्या तरी पाठीवर जातो. आज आपल्या पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मुलंमुली हिमालयात जातात. सह्याद्रीवर तयार झालेली ही पोरं जिद्दीची आहेत, त्यांचं मला कौतुकच आहे. त्यांच्या घरात सामानाची यादी होत असेल, तेव्हा घरच्यांनी जरा डोकवावं. बूट किती, दोर किती, हे त्यांना ठाऊक असतंच. आपण एवढंच विचारावं: ओझं वाहणाऱ्यांचे बूट यादीत आहेत का? त्यांचे गरम कपडे, त्यांचं औषध, त्यांचा विमा? त्यातला कुणी आजारी पडला तर त्याला खाली कोण आणणार, हे ठरलं आहे का? आणि कचरा परत आणायला पोती घेतली आहेत ना?

उत्तर ‘नाही’ आलं, तर निघायला अजून वेळ आहे म्हणावं. यादी पुन्हा करा.