भुलींतील रोग्याची कूस

निजलेलें मूल मांडीवरून अंथरुणावर ठेवतांना घरांतील वडील माणसें बजावतात, “मान सांभाळ.” मुलाला स्वतःची मान सांभाळतां येत नाहीं, म्हणून ती दुसऱ्यानें सांभाळावयाची. शस्त्रक्रियेसाठीं भूल दिलेला रोगी कितीहि धिप्पाड असो, तो त्या मुलाहूनहि परस्वाधीन असतो. मूल निदान रडतें. भुलींतला रोगी रडतहि नाहीं.

झोप व भूल यांतील भेद तो हाच. झोपेंत हात अंगाखालीं चेपला, तर मनुष्य आपोआप कूस पालटतो. भुलींत ही राखण बंद पडते. स्नायू सैल पडतात, सांधे नको तितके वळतात आणि दुखण्याची वर्दी कोणाकडेच पोंचत नाहीं. कण्याची शस्त्रक्रिया करतांना मात्र उताण्या रोग्यास बहुधा पालथें करावें लागतें. तेथेंच जोखीम असते.

या विषयाचा एक जुना धडा हैदराबाद संस्थानांत मिळाला. परभणी जिल्ह्यांतील पूर्णा त्या काळीं याच संस्थानांत मोडत असे. क्लोरोफॉर्मच्या परीक्षेसाठीं तेथें १८८८ व १८८९ सालीं दोन मंडळें बसलीं. डॉ. एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रवर्तक. दुसऱ्या मंडळासाठीं निजामांनीं एक हजार पौंड दिले व इंग्लंडहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. मंडळानें सांगितलें कीं, रोगी उताणा असावा व त्याच्या श्वासास यत्किंचितहि अडथळा नसावा. तसें ठेवणें अशक्य असेल, तर श्वासाकडे पराकाष्ठेचें लक्ष द्यावें. क्लोरोफॉर्मनें हृदय एकाएकीं बंद पडत नाहीं, हें लॉरी यांचें मत मात्र पुढें चुकीचें ठरलें. १९११ सालीं लेव्ही यांच्या प्रयोगांनीं तें दाखविलें. क्लोरोफॉर्महि मागें पडला. तथापि श्वास राखण्याचा उपदेश टिकला.

आज तो कसा पाळतात? पूर्णा हें आगगाड्यांचें जंक्शन. डबे एका रुळावरून दुसऱ्यावर घेतांना दहा जण आज्ञा देऊं लागले, तर अपघातच व्हावयाचा. निशाण एकाच्याच हातीं हवें. रोगी पालटतांना तें भूलतज्ज्ञाच्या हातीं असतें. तो उशाशीं उभा राहून डोकें, मान व श्वासनलिकेंतील नळी सांभाळतो. दोन्ही बाजूंस व पायांशीं पुरेसे हात नसतील, चाकें अडकविलेलीं नसतील, सलाईनची नळी कोठें गुंतली असेल, तर तो थांबतो. सर्व सिद्ध झाल्यावर तो तीन आंकडे मोजतो, आणि डोकें, धड व पाय ओंडक्याप्रमाणें एकाच वेळीं वळतात.

एवढ्यानें काम संपत नाहीं. हनुवटी छातीकडे वाकली तर नळी आंत सरते, वर उचलली तर बाहेर येते. यास्तव दोन्ही फुप्फुसांत हवा जाते कीं नाहीं, हें पुन्हां ऐकून पाहतात. रक्तदाबहि पुन्हां मोजतात. कारण स्थिति बदलतां रक्त सखल भागाकडे ओढलें जातें व भुलींतलें शरीर तें नीट सांवरूं शकत नाहीं. पालथ्या रोग्याचें पोट मोकळें ठेवतात व डोळ्यांवर भार मुळींच येऊं देत नाहींत. हात काटकोनाहून अधिक फांकवीत नाहींत. कोपराजवळची जी नस आपटली असतां करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिच्याखालीं मऊ गादी घालतात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगासहि तशीच.

पूर्णा येथील एखाद्या हमालाचा कणा शस्त्रक्रियेनें नीट झाला, परंतु ही नस चेपून त्याची करंगळी बधिर झाली व मूठ दुबळी पडली, असें समजा. अशी इजा कधीं कांहीं महिन्यांनीं बरी होते, कधीं होतहि नाहीं. ओझ्यावर ज्याचें पोट, त्याला ती मूठ कोण परत देणार? गादीचा एक तुकडा व अर्ध्या मिनिटाचें लक्ष, एवढ्यानें तें संकट पुष्कळदां टळतें.

यांत रोग्याचाहि वांटा आहे. मान आखडते, खांदा वर जात नाहीं, हातापायांस मुंग्या येतात, मधुमेह आहे, या गोष्टी भूल देणाऱ्यास आधीं सांगाव्या. रोग्याच्या आप्तांनींहि त्या आठवून द्याव्या. भुलींत तोंड मिटलेलें असतें. तेथें जागेपणीं सांगितलेला शब्दच कामास येतो.