शस्त्रक्रियागृहातील अनुशासन

(गुरुकुंज मोझरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



या गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेला विद्वान आणि शेतमजूर ठरल्या वेळी एका ओळीत बसतात. ही शिस्त वंदनीय राष्ट्रसंतांनी घालून दिली. आजचा विषय शस्त्रक्रियागृहाचा असला, तरी तो अशाच शिस्तीचा आहे.

यवतमाळ जिल्ह्यात उटी नावाचे गाव आहे. तेथील सीताराम गावंडे यांचे पुत्र आत्माराम अमेरिकेत शल्यविशारद झाले. त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई हिवतापाने लवकर गेल्या. उमरखेडचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने उभे आहे. डॉ. अतुल गावंडे हे याच घराण्यातील नातू. ते जन्मले आणि वाढले अमेरिकेत. तेव्हा त्यांच्या कर्तृत्वाचे श्रेय वऱ्हाडाने उगाच लाटू नये. परंतु त्यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये जी पडताळणी-सूची सिद्ध केली, ती वऱ्हाडातील प्रत्येक घराने समजून घ्यावी अशी आहे.

सूचीत मुद्दे अवघे एकोणीस. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णास बाहेर नेण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबायचे आणि मोठ्याने विचारायचे. रुग्ण तोच ना? शस्त्रक्रिया उजव्या अंगाची की डाव्या? कोणत्या औषधाची बाधा होते का? जंतुसंसर्ग टाळणारे औषध छेदापूर्वीच्या तासाभरात दिले का? शेवटी सुया, कापसाचे बोळे आणि उपकरणे मोजायची. प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे, हाही त्यातलाच एक मुद्दा. वरवर पोरकट वाटतो. पण एकदा नाव उच्चारलेली कनिष्ठ परिचारिका पुढे चूक दिसताच ज्येष्ठ शल्यविशारदाला थांबवण्यास धजावते.

दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत या सूचीची परीक्षा झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर. नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही!

मात्र कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताचा अनुभव निराळा आहे. तेथे १०१ रुग्णालयांत सूची लागू झाली. पण २०१४ च्या अहवालात मृत्युसंख्येत लक्षणीय घट आढळली नाही. आदेश निघाला की कागदावर खुणा होतात. विचारण्याची आणि ऐकण्याची सवय मात्र आदेशाने लागत नाही. ज्येष्ठांनी कनिष्ठाचे ऐकून घेणे हेच यातले सर्वांत कठीण काम, आणि ते आपल्याकडे अधिकच कठीण.

तिवसा-मोझरीचा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी अमरावतीस किंवा नागपुरास जातो. सोबतच्या नातलगांनी डबा आणि पैशांबरोबर जुने अहवाल व चालू औषधांची चिठ्ठी न्यावी, पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले ते न विचारताही सांगावे, आणि ज्या बाजूची शस्त्रक्रिया आहे तेथे खूण केली आहे का, हे रुग्णाला आत नेण्यापूर्वी नम्रपणे विचारावे.